मास्तरांचा मास्क

३ मार्च, रविवार

प्रिय बारकी,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट परवा पोचलं. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी गुडघ्याच्या. वरच्या मजल्यावरच्या शिवणबाई मुलीकडे राहायला गेल्या. आता दुपारी मशिनची घरघर नसते, वाचायला निवांतपणा मिळतो. पण इतक्या वर्षांची सवय, पान उलटताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. ग्रंथालयातून सध्या समुद्राच्या तळाबद्दलचं एक जाडजूड पुस्तक आणलंय. ग्रंथपाल म्हणाली, "मावशी, हे पाच वर्षांत कुणी नेलं नव्हतं." म्हटलं, "मग बिचाऱ्याला जरा हवा लागू दे."

आता कबूल करते. मागच्या शनिवारी मी तुझ्या व्याख्यानाला आले होते. बसने दोन तास. तुला कळवलं नाही, कारण वर्षापूर्वी जे बोलून बसले त्यानंतर कोणत्या तोंडाने कळवणार? खांबाआडची खुर्ची बघून बसले. तू दिवे मालवलेस, टॉर्च लावलास आणि त्या उजेडात फळा पुसायचा डस्टर झटकलास. मग म्हणालीस, "ही धूळ दिसते ना? हिला फार घाबरू नका. ही नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. आता ती खाली बसेल आणि तुम्हाला वाटेल, चला, हवा स्वच्छ झाली. पण जी उरली ती बघायचे डोळेच आपल्याला नाहीत. ती थेट आत जाते आणि तिथेच राहते." माझ्या शेजारच्या गृहस्थांनी खिशातला रुमाल काढला, उलटसुलट करून बघितला आणि परत ठेवला.

मी तुझा प्रबंध वाचलाय, तुला माहीत आहे. शब्दकोश मांडीवर घेऊन पाच महिने वाचत होते. त्या शनिवारी मला जे दहा मिनिटांत कळलं ते त्या पाच महिन्यांत कळलं नव्हतं. तेव्हा मागच्या वर्षीचं माझं बोलणं मी मागे घेते. "बाबांनी दगडाची धूळ खाऊन तुला शिकवलं, ते हॉलमधून टॉर्च दाखवत हिंडायला?" असं मी म्हणाले होते. तू ओरडली नाहीस. एवढंच विचारलंस, "आई, अकरा वर्षांत माझं संशोधन किती लोकांनी वाचलं असेल? चाळीस. आणि बाबांच्या कारखान्यात माणसं किती? चारशे." मी फोन ठेवून दिला होता. चाळीस नाही, एक्केचाळीस. मला धर.

एक सुचवू का? बाबांचं तेवढं गाळ. तू म्हणालीस, "माझे बाबा दगडावर अक्षरं कोरायचे. शेवटची सहा वर्षं त्यांनी न चुकता मास्क लावला, पण तोवर उशीर झाला होता. तुम्ही उशीर करू नका." मागच्या रांगेत एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "सहा वर्षं लावून गेलाच ना माणूस? मग कशाला तो जाच?" उलटा अर्थ काढतात लोक. आणि घरचं दुःख चारचौघांत कशाला? तू विज्ञान सांग. ते तू छान सांगतेस.

जेवणाची वेळ पाळत जा. आवाज बसला तर गरम पाणी पी, गोळ्या चघळू नकोस.

तुझी आई


११ मार्च, सोमवार

प्रिय बारकी,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं असलं तरी तुझं अक्षर बघून बरं वाटलं. लिहिलंस, "बाबांना गाळायचं नाही. त्यांच्यामुळेच लोक ऐकतात. २२ तारखेला त्यांच्याच कारखान्यात बोलायचंय, तिथे तर सुरुवातच त्यांच्यापासून करणार."

त्याबद्दलच लिहायला बसले आहे. सकाळपासून दोन कागद फाडले.

काल बाबांच्या कारखान्यातले मुकादम आले होते. तुला स्टेशनवर घ्यायला तेच येणार आहेत, गाडीची वेळ विचारायला आले. चहा घेतला, गाडीची वेळ लिहून घेतली, तरी उठेनात. टोपी गुडघ्यावर ठेवायची, पुन्हा उचलायची.

मी म्हटलं, "मुकादम, टोपी झिजेल. काय ते बोला."

"वहिनी, राग मानू नका. बारकी तिकडच्या व्याख्यानात म्हणाली म्हणे, मास्तर सहा वर्षं मास्क लावायचे. माझा मेहुणा होता तिथे."

"बरं मग?"

"मास्तरांचा मास्क खिळ्याला असायचा, वहिनी. आम्ही त्याला 'पाहुणे' म्हणायचो. सकाळी मास्तरांबरोबर यायचे, दिवसभर खिळ्यावर बसायचे, सहा वाजले की पिशवीत बसून घरी. मास्तर स्वतःच म्हणायचे, अरे, पाहुण्यांना कुणी पाणी विचारलं का?" ते हसले आणि टोपी पुन्हा उचलली. "ती तिथे उभी राहून तसं म्हणाली, तर कुणी हसणार नाही. मास्तरांची पोर आहे. पण मनात म्हणतील, हिला घरचंच ठाऊक नाही, आम्हाला धुळीचं काय सांगते? मग ती पुढे सोनं बोलली तरी माती होईल."

मी म्हटलं, "मी बघते." ते गेले. टेबलावर त्यांचा कप तसाच होता, अर्धा भरलेला.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी खोटं फार सफाईने बोलते, सहा वर्षं दर रविवारी बोलले आहे. कागदावर मला ते जमत नाही, निदान अजून तरी जमलेलं नाही. म्हणून पत्र.

तू तो रबरी मास्क घेऊन आलीस तो दिवस आठव. दोन्ही गालांवर धूळ गाळणाऱ्या गोल चकत्या असलेला. चकत्यांची बारा पाकिटं, प्रत्येकावर तुझ्या हाताने महिन्याचं नाव लिहिलेलं. तू बाबांना समोर बसवलंस आणि तासभर समजावलंस. किती मायक्रॉन, किती टक्के, कोणत्या कापडातून किती कण पार होतात. बाबा मान डोलवत होते. तू अंघोळीला गेल्यावर मला विचारलं, "काय म्हणत होती गं?"

मी म्हटलं, "मास्क लावा म्हणते."

"एवढं सांगायला एक तास? तरीच इतकी वर्षं लागतायत हिला."

थट्टेत अभिमान होता, तुला माहीत आहे. आणि त्यांनी लावलाही. मन लावून लावला. पण काही दिवसांनी एके संध्याकाळी घरी आले, मास्क या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "श्वास सोडला की चष्म्यावर वाफ येते. पेन्सिलीची रेघ दिसत नाही. आज एक अक्षर बिघडलं. दगडाला खोडरबर चालत नाही." पाटीवरचं कुणाचं तरी नाव होतं. ती पाटी फेकावी लागली. तीस वर्षांत त्यांच्या हातून अशी पाटी गेली नव्हती. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूर्वीसारखा रुमाल ओला करून, पिळून, त्यांच्या हातात दिला. त्यांनी मागितला नव्हता. मीच दिला.

रविवारी तुझा फोन आला. "बाबा मास्क लावतात ना?" ते समोरच होते, माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "लावतात गं." फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "बरं केलंस. तिला कशाला घोर? तिकडे तिला तिचं काम आहे." मलाही तसंच वाटलं. तेव्हा ती एका रविवारची गोष्ट होती.

तू सुट्टीत येणार, कपाटाचा खण उघडणार, पाकिटं मोजणार, हे मला माहीत होतं. तू लहानपणी पेन्सिलीसुद्धा मोजून ठेवायचीस. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी एक पाकीट फोडायचे आणि त्यातली चकत्यांची जोडी कचऱ्यात टाकायचे. कोरी. पांढरीशुभ्र. तू आलीस, खण बघितलास आणि ओरडलीस, "आई, बाबा किती शिस्तीचे झालेत! आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा इतकं वेळेवर कुणी बदलत नाही." बाबा ताटात मान घालून जेवत राहिले. तू नवीन बारा पाकिटं ठेवून गेलीस. असं सहा वर्षं.

तुझ्या प्रबंधातल्या त्या तक्त्यात तिसरी ओळ ओल्या सुती रुमालाची आहे. ती मी वाचली तेव्हा बाबांना जाऊन सात महिने झाले होते. त्या ओळीपुढचा आकडा मी शब्दकोशात शोधला नाही, आकड्यांना शब्दकोश लागत नाही. तू तो आकडा त्या दिवशी याच टेबलाशी सांगितला होतास. मी तेव्हा आकडा ऐकला. त्यात माझा रुमाल आहे हे ऐकलं नाही.

शनिवारी तुझा टॉर्च बघताना क्षणभर मनात आलं, त्या दिवशी हिने हे असं सांगितलं असतं तर! त्यांना एका झटक्यात कळलं असतं. ते तर धूळ दिसली की रुमाल बांधायचे आणि धूळ खाली बसली की सोडायचे. असं मनात आलं आणि लगेच माझीच मला लाज वाटली. स्वतःच्या वाट्याचं ओझं मी तुझ्या खांद्यावर सरकवत होते, आणि तेही खांबाआड बसून.

दवाखान्यातलं अजून राहिलंय. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, मास्क वापरायचे का? तू ठामपणे म्हणालीस, "सहा वर्षं. रोज. मी स्वतः बघितलंय, म्हणजे नुकसान आधीचं असणार." डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं. बाबांनी डोळे मिटले. तुला वाटलं, झोप लागली. मी त्यांचा हात धरला होता, ते झोपले नव्हते. तू औषधं आणायला गेल्यावर म्हणाले, "आता नको सांगूस. तिला वाटू दे, तिचं ऐकलं." तेव्हा त्यांना तीन वाक्यंसुद्धा सलग बोलता येत नव्हती. त्या दिवसाची ताकद त्यांनी या दोन वाक्यांवर घालवली. मी त्यांचा शब्द कसा मोडणार होते?

आणि आता शेवटचं, जे मी स्वतःशीही मोठ्याने बोलले नव्हते. तू संशोधन सोडून लोकांना सांगायचं काम घेतलंस तेव्हा मी भांडले, ते तुझ्या शिक्षणासाठी नाही. तू प्रयोगशाळेत होतीस तोवर चाळीस माणसं तुझं वाचत होती आणि त्यांतलं कुणी मला ओळखत नव्हतं. लोकांपुढे उभी राहिलीस की एक ना एक दिवस तू बाबांची गोष्ट सांगणार, हे मला त्याच क्षणी कळलं. मी लपवलेलं उघडं पडू नये म्हणून तू गप्प राहावंस, असं मला वाटत होतं. त्याला मी बाबांचं नाव दिलं.

आता तुला सगळं ठाऊक झालं. २२ तारखेला यायचं की नाही, मला भेटायचं की नाही, तू ठरव. क्षमा कर असं लिहीत नाही, ती मागायची वेळ अजून आलेली नाही.

आई


२० मार्च, बुधवार

प्रिय बारकी,

तुझा कागद मिळाला. वर नाव नाही, खाली सही नाही, मधे पाच प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी जागा सोडलेली. पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, आईला फॉर्म भरायला लावला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा बघितलं की तिसऱ्या प्रश्नाची शाई पसरली आहे. मग चष्मा पुसला आणि बसले. जागा पुरत नाही म्हणून वेगळ्या कागदावर लिहिते. पत्र मुकादमांच्या हाती देते आहे, म्हणजे गाडीतून उतरल्या उतरल्या तुला मिळेल आणि कारखान्यात पाऊल टाकण्याआधी वाचून होईल.

त्यांनी मास्क अकरा दिवस लावला. मी मोजून सांगते आहे. अकराव्या दिवशी ती पाटी बिघडली.

मास्कशिवाय असायचे ते नेमके बारीक कामाच्या वेळी, म्हणजे छोट्या ग्राइंडरने अक्षराच्या कडा साफ करताना. मोठे दगड कापताना पाणी सोडलेलं असायचं, तिथे ते नसायचेच. आणि संध्याकाळी झाडताना तर रुमालही नसायचा. काम संपलं, आता कसली धूळ, असं म्हणायचे. झाडू कोरडाच असायचा. यात काय जास्त वाईट ते तुला कळेल.

आणखी कोण लावत नव्हतं, असं विचारलंयस. मुकादमांना विचारून लिहिते. अक्षरांच्या बाकावर बाबा धरून चौघे बसायचे. चौघांनाही चष्मा. चौघांचेही मास्क खिळ्याला. इतर बाकांवरचे, ज्यांना चष्मा नाही, ते बरेचसे लावतात. मुकादमांना हे आजवर सुचलं नव्हतं. मी विचारल्यावर ते बोटांवर मोजायला लागले आणि मधेच थांबून म्हणाले, "अरेच्चा! वहिनी, हे तर सगळे चष्मेवाले निघाले."

मग मी तुझा प्रबंध पुन्हा काढला. चष्मा हा शब्द त्यात कुठेच नाही. तू मास्क तपासलेस ते एका पुतळ्याच्या डोक्यावर बांधून, त्याचा फोटोही आहे. पुतळ्याला नाक आहे, तोंड आहे, त्याला श्वास घ्यायला लावणारी नळी आहे. पुतळ्याला चष्मा नाही.

हे वाचलं आणि मी प्रबंध मिटला. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तुझ्यापासून एक दुःख लपवलं. तसं नाही. मी तुझ्यापासून एक माहिती लपवली. त्या पहिल्या रविवारी मी फोनवर एवढंच म्हणाले असते की, नाही गं, लावत नाहीत, चष्म्यावर वाफ येते. तर पुढच्या रविवारपर्यंत तू काहीतरी शोधून आणलं असतंस. तुझा तो स्वभावच. दुसरा मास्क, दुसरा चष्मा, काचेला लावायचं काहीतरी. आणि ते फक्त बाबांपुरतं राहिलं नसतं, बाकावरच्या चौघांनाही मिळालं असतं. चौघांतले दोघे आता उरले आहेत. परवा समोर बसलेले असतील. एकाला खोकला आहे.

चौथा प्रश्न, मी चकत्या फेकते हे बाबांना माहीत होतं का? होतं. एकदा महिन्याच्या पहिल्या तारखेला ते कचऱ्याच्या डब्यापाशी उभे दिसले. त्यांनी कोऱ्या चकत्या वर काढल्या होत्या, हातात घेऊन फुंकर मारत होते. मला बघितलं. परत डब्यात ठेवल्या आणि त्यांच्यावर भाजीची सालं सारखी केली, वरून दिसू नयेत म्हणून. हे सांगून मी माझा वाटा कमी करत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

पाचवा प्रश्न, हे सगळं मी तुला तिथे बोलू देईन का? बारके, ही परवानगी द्यायला मी कोण? पण माझं मत विचारत असशील तर सांग. बाबांनी अकरा दिवस मास्क लावला आणि बाराव्या दिवशी काढला, असं सांग. का काढला, तेही सांग. माझ्या आईने मला सहा वर्षं खोटं सांगितलं, असं नाव न झाकता सांग. त्या चारशेजणांच्या घरीही कुणीतरी फोनवर "लावतात गं" म्हणत असेल. त्यांना तुझ्या आकड्यांपेक्षा हे लवकर समजेल. मग त्या दोघांना विचार, मास्कचा नेमका त्रास काय होतो, आणि खाली बसून ऐक. तू आता सांगायचं काम घेतलंयस, त्यात ऐकणं निम्मं असतं, हे मला माझ्याच चुकीवरून कळलं.

मी येणार आहे. मुकादमांची बायको मला घेऊन जाईल. तू माझ्याकडे बघायलाच हवंस असं नाही. नंतर घरी यायलाच हवंस असंही नाही. अंथरूण मात्र घालून ठेवलं आहे.

एक मात्र मागते. बोलणं झालं की कुणीतरी उठून विचारेल, बाबांच्या कारखान्यातली माणसं गप्प बसणारी नाहीत. विचारेल, "मास्तरांनी मास्क लावला असता, तर ते वाचले असते का?" आधीची तीस वर्षं धूळ आत गेलीच होती, हे मला कळतं. कदाचित नाही, असं उत्तर असेल. कदाचित काही वर्षं मिळाली असती, असं असेल. कुणालाच सांगता येणार नाही, असंही असेल. यातलं जे खरं असेल तेच तू बोल. मी तिथे बसले आहे म्हणून एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस, माझ्यासाठी मऊ करू नकोस. हा प्रश्न मी अडीच वर्षांत तुला विचारलेला नाही आणि कुठल्या पुस्तकातही शोधलेला नाही. चारशेजणांमध्ये बसून, त्यांच्याबरोबरच, मला त्याचं उत्तर ऐकायचं आहे.

तुझं खरं ऐकायला येणारी,
तुझी आई